नाक कोणाचं?

प्रिय पान्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच फाडलं असतंस, म्हणून पत्ता बायकोकडून लिहून घेतला. म्हणजे पत्राची सुरुवातही लबाडीनेच झाली. पण इथवर आलाच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून चहा टाकायला जाऊ नकोस. अवघड काही समोर आलं की तू चहा टाकतोस, मला माहीत आहे.

सव्वा वर्ष झालं आपण बोललो त्याला. त्याआधी सतरा वर्षं एका पत्र्याखाली काम केलं, एका साबणाने हात धुतले, एकमेकांच्या डब्यातली भाजी न विचारता उचलली. तेवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. समोर बसलेल्या माणसाला काय लिहायचं? आता लिहायला बसलोय तर हा तिसरा कागद आहे. मला लाज वाटते आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी कुठे गंमत करायला लागलो तर तू फसणार नाहीस.

मागच्या मंगळवारी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात वहिनी भेटल्या. त्यांच्या कानाला दडा बसला होता. "भावजी, तुम्ही इकडे कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सर्दी. ती सर्दी नव्हती, पण त्यावर येतो. आत डॉक्टरांकडे गर्दी होती, त्यामुळे आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो, आणि कानाला दडा बसलेलं माणूस हळू बोलत नाही, त्यामुळे अख्ख्या दवाखान्याने ऐकलं. तू टाइल्सच्या दुकानात गल्ल्यामागे बसतोस, हे मला ठाऊक होतं. बाकीचं नव्हतं. घरातला नळ ठिबकला तरी तू प्लंबरला बोलावतोस. गॅसचं बटण तीनदा बघतोस. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातोस, परत येतोस, कुलूप ओढून बघतोस आणि पुन्हा जातोस. "काय झालंय कळत नाही हो, स्वतःच्या हातावरचा विश्वासच उडालाय त्यांचा," असं म्हणून त्या हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मी म्हणालो, वय झालं वहिनी, होतं असं. पान्या, तू माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेस. आणि तुला काय झालंय हे त्या बाकावर एकट्या मला ठाऊक होतं.

आता तुला तोंडपाठ असलेलंच लिहितो, कारण ते क्रमाने लिहिल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकणार नाही. काळा धूर म्हणजे इंजिन खातंय जास्त आणि पचवतंय कमी. पेट्रोल जादा जातंय नाहीतर हवेचा फिल्टर तुंबलाय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एवढं तर रोज गाडी चालवणाऱ्यालाही कळतं. खरी मेख पांढऱ्या धुरात. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की थांबतं. त्यात काळजीचं काही नसतं. पण इंजिनाचा सांधा बंद ठेवणारं हेड गॅस्केट गेलं, इंजिन गार ठेवणारं कूलंट आत झिरपून जळायला लागलं, की तेव्हाही धूर पांढराच येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. फरक वासात. वाफेला वास नसतो, कूलंटचा धूर गोडसर येतो. मी सायलेन्सरमागे उकिडवा बसायचो, तळहात धुरात धरायचो, नाकाशी आणायचो आणि डोळे मिटायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती, ते गिऱ्हाइकासाठी. तूच मला नाकोबा म्हणायला लागलास आणि मग सगळा रस्ता म्हणायला लागला. लांबून लांबून लोक धूर घेऊन यायचे. आपली वाटणी ठरलेली होती, निदान माझं आणि हात तुझे. वाद झालाच तर मी विचारायचो, "नाक कोणाचं?" तू हसून म्हणायचास, "तुझं बाबा, तुझं." की विषय संपला.

तर पान्या, ते नाक गेलं होतं. शाळेतल्या बाईंच्या गाडीचं ते प्रकरण झालं त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मी आठ दिवस तापाने पडलो होतो, आठवतं? उठून गॅरेजला आलो तर समोरच्या बेकरीचं दार सताड उघडं, बेकरीवाली गरम ट्रे बाहेर काढत होती, आणि मला काहीच आलं नाही. वाटलं, दोन दिवसांत येईल. मग पेट्रोलच्या चिंधीत नाक खुपसून बघितलं. मग घरी बायको माहेरी गेलेली असताना दूध करपून भांडं कोळशासारखं झालं आणि मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. ते भांडं बघून तिने मला धारेवर धरलं, तेव्हा तिला सांगितलं आणि कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली. डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर ते खरं झालं असतं.

गॅरेजात मी तुझ्या तोंडाकडे बघून वास घ्यायला लागलो. तू नाक मुरडलंस की मी म्हणायचो, ऑइल. तू खोकलास की म्हणायचो, पेट्रोल जादा. कधी गिऱ्हाइकालाच विचारायचो, तुम्हाला कसा वाटतो वास? त्यांना वाटायचं मी त्यांची परीक्षा घेतोय आणि ते बिचारे मन लावून उत्तर द्यायचे. पाच महिने निभावलं. एकही निदान चुकलं नाही, आणि त्याचा मला माज आला. तुला का सांगितलं नाही, असं तू विचारशील. सतरा वर्षांत मी धड एक नट आवळला नव्हता, पान्या. सगळं तू करायचास. नाक गेलं म्हटल्यावर त्या पत्र्याखाली माझं काम काय उरलं असतं? तू काही बोलला नसतास, उलट मला खुर्ची दिली असतीस बसायला. त्या खुर्चीची मला भीती वाटली.

आता बाईंची गाडी. शाळेतल्या बाई, करड्या रंगाची छोटी गाडी, मागच्या काचेवर पोरांनी चिकटवलेली फुलपाखरं. पंधरा दिवस आधी तू त्यांचा रेडिएटरचा वरचा होज पाइप बदलला होतास. तू क्लिप आवळत होतास तेवढ्यात वहिनींचा फोन आला, मुलीचा निकाल लागला, पहिल्या दहांत आली. तू हात न पुसता फोन घेतलास, उड्या मारल्यास, मला मिठी मारून माझा शर्ट काळा केलास आणि मग परत बॉनेटखाली वाकलास. मला ते सगळं नीट आठवतं. किती नीट, ते पुढे कळेल.

त्या सकाळी बाई आल्या तेव्हा गाडीत मागे त्यांची आई होती. डोळ्याचं ऑपरेशन, डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात, तीन महिने थांबून मिळालेली तारीख. दोन दिवस पांढरा धूर येतोय, जाऊ ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. थंडी होती. मी उकिडवा बसलो, तळहात धरला, डोळे मिटले आणि म्हणालो, थंडीची वाफ आहे, खुशाल जा. गाडी दहा मिनिटं चालू होती आणि धूर थांबत नव्हता. तू जवळ येऊन हळूच म्हणालास, "अरे, एव्हाना थांबायला हवा होता. आणि मला जरा गोडसर येतंय. अर्धा तास इंजिन निवू दे, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघतो." मी तुझ्याकडे न बघता म्हणालो, "समोर बिस्किटं भाजतायत." बाई हसल्या. त्यांची आईही हसली. तू तरी जागचा हलला नाहीस, तेव्हा मी तो प्रश्न विचारला. तू "तुझं बाबा, तुझं" म्हणालास, पण त्या दिवशी हसला नाहीस.

पुढचं तुला माहीत आहे. चढावर अर्ध्या वाटेत गाडीने मान टाकली. इंजिन जाम. म्हातारीला रस्त्याकडेच्या दगडावर दोन-अडीच तास बसावं लागलं आणि तारीख हुकली. दुपारी टोचन करून गाडी आपल्या दारात आणली आणि मागोमाग बाई आल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही तर वाफ म्हणाला होतात." बेकरीवाली बाहेर येऊन उभी होती, टायरवाला होता, आणि तू सुटे भाग घेऊन नुकताच आला होतास. मी म्हणालो, "तेव्हा वाफच होती, बाई. पाणी वाटेत गळून गेलं. होजची क्लिप सैल राहिली होती." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, आवळण्याचं काम आपल्याकडे कोण करतं हे सगळ्यांना माहीत होतं.

तू वाकून क्लिपला हात लावलास. ती तुझ्या बोटांखाली फिरली. मग तू पुन्हा वाकलास, डोळे अगदी जवळ नेलेस, चिंधीने पुसून बघितलंस. तू काय शोधत होतास ते फक्त मला कळलं. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावर आणि क्लिपवर मिळून पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, ही तुझी खूण. स्क्रू जरा जरी फिरला तर ठिपका फाटतो आणि ठिपकाच नसेल तर काम झालेलंच नाही. सतरा वर्षांत ठिपक्याशिवाय तुझं काम कुणी बघितलं नाही. तिथे ठिपका नव्हता. तू सरळ उभा राहिलास आणि म्हणालास, "मला फोन आला होता." एवढंच. मग बाईंकडे वळून, "चूक माझी आहे." हात धुतलेस, डबा घेतलास आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाहीस. तुझी हत्यारांची पेटी मी टेम्पोने पाठवून दिली, आत एक चिठ्ठीही न टाकता.

आता जे लिहायचं ते इतके दिवस तोंडात घोळवतोय. गाडी आली तेव्हा तू सुटे भाग आणायला गेला होतास आणि बाई अजून पोचायच्या होत्या. मी एकटा होतो. बॉनेट मी उघडलं. रेडिएटर कोरडा होता. ऑइलचं झाकण काढलं तर आत दुधाळ मलई, म्हणजे पाणी आणि ऑइल एक झालेलं, म्हणजे हेड गॅस्केट, आणि ते सकाळी निघायच्या आधीच गेलेलं. तुला गोडसर आलं होतं ते बिस्किटांचं नव्हतं. मग मी तुझी क्लिप बघितली, का ते विचारू नकोस. ती दगडासारखी घट्ट होती आणि तिच्यावर पिवळा ठिपका होता, अखंड, एका केसाएवढाही फाटलेला नाही. मी थिनरची चिंधी घेतली आणि तो पुसला. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि क्लिप दोन फेरे सैल केली. सतरा वर्षांत एक काम मी माझ्या हाताने पुरं केलं, ते हे. तुला फोन आला होता हे मला आठवत होतं, आणि तुलाही आठवेल, हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या मांडला होता. घाबरून हातून घडलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. चिंधी घडी करून मी जागच्या जागी ठेवली होती.

दवाखान्यातून आलो आणि दुसऱ्या दिवशी सरळ बाईंकडे गेलो आणि त्यांना हे सगळं सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. ऐकून घेतलं, लाल पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "हे त्यांना सांगितलंत?" मी म्हणालो, अजून नाही. "मग माझ्याकडे आधी कशाला आलात? इथे सोपं वाटलं म्हणून?" ऑपरेशन दोन महिने उशिरा झालं, त्यात आईची एका डोळ्याची कडेची नजर गेली ती परत आली नाही, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. आणि हेही सांगितलं की तू दर महिन्याला सुट्टी काढून त्यांना तपासणीला नेतोस, हात धरून जिना चढवतोस, रांगेत उभा राहतोस. आतल्या खोलीतून म्हातारीने विचारलं, "कोण आलंय गं?" बाई म्हणाल्या, "गॅरेजातले." तेव्हा त्यांना वाटलं तूच आलास. "अगं मग त्याला आत पाठव की," त्या म्हणाल्या. मी चपला घालून निघून आलो. माझ्या चुकीपायी तू महिन्याच्या महिन्याला जिने चढतोयस आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. असलं कधी वाटलं नव्हतं मला, इतकं लाजिरवाणं. रस्त्यात बायका-पोरं आपल्याकडेच बघतायत असं वाटत होतं.

नाकाचं विचारशील तर डॉक्टर म्हणाले, आता यायचं नाही. गॅरेजात अजून जातो. काल एक टॅक्सीवाला निळा धूर घेऊन आला आणि त्याने सवयीने मला वाट करून दिली सायलेन्सरमागे बसायला. मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो की मला वास येत नाही, दोन वर्षं होत आली. टायरवाला बघत राहिला. टॅक्सीवाला म्हणाला, "मग डोळ्यांनी बघा की, मालक. निळा तर दिसतोय." एवढं सोपं होतं ते.

आणि हे पत्र आजच का, तर त्या बाकावर वहिनी आणखी एक सांगत होत्या. बस डेपोच्या वर्कशॉपवाल्यांनी तुला मुख्य मेकॅनिक म्हणून बोलावलंय, येत्या शुक्रवारी उत्तर द्यायचंय आणि तू नाही म्हणणार आहेस. "बसमध्ये चाळीस माणसं असतात, आणि माझा हात भरवशाचा नाही," असं तू त्यांना म्हणालास. पान्या, हे वाक्य तुझं नाही. ते मी त्या दुपारी चिंधीने तुझ्या डोक्यात घातलं. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, कारण ते मागायला हे पत्र नाही. तू क्लिप आवळली होतीस, फोन ठेवून परत वाकलास तेव्हाच, आणि ठिपकाही दिला होतास. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय आणि माझ्याशिवाय तो कुणीच बघितलेला नाही, म्हणून हे मलाच लिहावं लागलं. वर्कशॉपवाल्यांना दाखवायचं असेल तर हा कागद दाखव, खाली सही केली आहे. वहिनींना वाचून दाखव, जरा मोठ्याने. मग माझ्याशी बोल किंवा जन्मात बोलू नकोस, दारात उभं केलं नाहीस तरी मी समजेन. पण शुक्रवारी त्यांना हो म्हण.

तुझाच, हा शब्द लिहायचा हक्क अजून उरला असेल तर,
नाकोबा